४६ नंबरचं कोर्ट चालू राहू द्या

मा. मुख्य न्यायमूर्ती, मुंबई उच्च न्यायालय यांस,


१८ ऑगस्ट २०२५ पासून आम्हा रत्नागिरीकरांची अपिलं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. फोर्टातल्या तुमच्या दगडी इमारतीशी मुरुडकरांचा कामापुरता संबंध तसा संपला. तरी हे पत्र तिच्यासाठीच आहे. वांद्र्याच्या नव्या संकुलाचं भूमिपूजन २०२४ मध्ये झालं. कोर्ट तिकडे हललं की इथे संग्रहालय करा, असं सुचवणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका.

कर्नल फुलरच्या आराखड्याची ही इमारत १८७८ मध्ये पुरी झाली, तीही अंदाजपत्रकापेक्षा कमी खर्चात. (आमच्याकडे साधा साकवही तसा होत नाही.) शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण इथलं कोरीव काम बघायला जरूर चढावी. एका खांबाच्या माथ्याशी माकड आहे, हातात न्यायाचा तराजू आणि डोळा एकच उघडा. दुसरीकडे गळ्यात वकिली बँड बांधलेला कोल्हा. कंत्राटावरून दुखावलेल्या कुणीतरी दगडात राग काढला, अशी दंतकथा आहे. ती खरी असो नसो, साहेबाने ते माकड फोडून टाकलं नाही. पण त्याचा टोमणा खाली खरे न्यायाधीश ये-जा करतात तोवरच लागतो. संग्रहालयात ते सेल्फीपुरतं उरेल.

आणि ४६ नंबरचं दालन. आमच्या दापोली तालुक्यातलं चिखलगाव हे टिळकांचं मूळ गाव. २२ जुलै १९०८ च्या रात्री याच दालनात त्यांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली; दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षं पूर्ण होणार होती. नऊ ज्यूरींपैकी दोघे त्यांना दोषी मानायला तयार नव्हते. शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर १८९७ मध्ये टिळकांच्याच जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून उभे राहिले होते! टिळकांचे त्या रात्रीचे उद्गार कोरलेली पाटी १९५६ मध्ये दालनाबाहेर लागली, अनावरण मुख्य न्यायमूर्ती छगलांनी केलं. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्यानेच ती लावली, आणि आत कोर्ट चालूच राहिलं. आजही राजद्रोहासारखा आरोप असलेला कुणी त्या पाटीसमोरून आत जाऊ शकतो. ते मला कुठल्याही काचेच्या कपाटापेक्षा मोलाचं वाटतं.

तेव्हा विनंती इतकीच: बाकी सगळं वांद्र्याला न्या, एक खंडपीठ मात्र ४६ मध्ये बसवा. शनिवार-रविवारी हेरिटेजवाल्यांना खुशाल फिरवा, सोमवारी तिथे बोर्ड लागला पाहिजे.

आपला विनम्र,
एक मुरुडकर, ता. दापोली, जि. रत्नागिरी