घर-अंगण : क्रोटनची पाने गळली, पण झाड मेलेले नाही



डहाणू म्हटले की चिकू आठवतो. २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण याच दमट हवेत आणखी एक झाड खुलते, ते म्हणजे लाल, पिवळ्या, नारिंगी पानांचे क्रोटन. मूळचे ते मलेशिया-इंडोनेशियाकडचे. उष्णता आणि दमटपणा त्याला मानवतो.

तरीही पुष्कळ घरांतून एकच तक्रार येते : नर्सरीतून आणले आणि आठ दिवसांत पाने गळली. घाबरू नका. जागा बदलली की क्रोटन पाने टाकतेच. फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. त्याला एका जागी राहू द्या. रोज इकडून तिकडे हलवू नका आणि पानांशिवाय असताना खूप पाणीही घालू नका.

उजेड : पानांचे रंग उजेडावर अवलंबून असतात. अंधाऱ्या कोपऱ्यात नवी पाने नुसती हिरवी येतात. पूर्वेची खिडकी उत्तम. एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात मात्र पाने करपतात.

पाणी : बोट मातीत पेराइतके घाला. वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्या. पावसाळ्यात निम्म्याहून कमी पुरते, नाहीतर मुळे कुजतात. समुद्राजवळच्या घरात विहिरीचे पाणी मचूळ असेल तर पानांच्या कडा जळतात. अशा वेळी साठवलेले पावसाचे पाणी वापरा. तलासरीकडे, समुद्रापासून दूर, उन्हाळ्यात हवा जास्त कोरडी होते. तिथे ओल्या फडक्याने पाने पुसत जा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, त्यात डास होतात.

माती : दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग नदीची वाळू. किनाऱ्यावरची वाळू घेऊ नका, तिच्यात मीठ असते. कुंडीला तळाशी भोक हवेच.

कीड : पानांमागे बारीक जाळी दिसली तर ती कोळी कीड समजा. पाने पाण्याने धुवा. मग एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा फवारा.

आता सर्वांत महत्त्वाचे. क्रोटन हे एरंड आणि शेराच्या कुळातले झाड. पान तोडले की चीक येतो. तो अंगाला लागला तर खाज सुटते, पान चावले तर तोंडाची आग होते, पोट बिघडते. रांगते मूल किंवा मांजर घरात असेल तर कुंडी त्यांच्या हाती लागणार नाही अशी उंचावर ठेवा. छाटणी झाल्यावर हात साबणाने धुवा आणि पडलेली पाने लगेच उचला. मुलाने पान खाल्ले तर तोंड धुऊन डॉक्टरांकडे न्या, पानही सोबत घ्या.

पाऊस सुरू झाला की वीतभर फांदी कापा, चीक वाळू द्या आणि ओलसर मातीत सावलीत लावा. महिना-दीड महिन्यात मुळे धरतील. ईदला शेजारणीकडे किंवा लेकीच्या सासरी मिठाईसोबत एक रोप पाठवता येईल, इन्शाअल्लाह. चिकाची गोष्ट मात्र तिलाही आठवणीने सांगा.