याला स्कँडल म्हणतात होय?



एका शब्दाची झडती घ्यायची आहे. शब्द आहे स्कँडल. पेपरवाल्यांचा लाडका. आपल्या मराठी पेपरवाल्यांनी त्याला खास देशी पर्याय काढला – वासनाकांड. १९९४ साली जळगावात पोरींना धमकावून, फोटोंची भीती घालून ओरबाडल्याचं प्रकरण उघड झालं, तेव्हा हा शब्द मथळ्यामथळ्यांतून महाराष्ट्रभर फिरला. नीट बघा हा शब्द. त्यात माणूस कुठंच नाही. जबरदस्ती कुणी केली, फोटो कुणी काढले, कुणाच्या राजकीय वजनाखाली पोलीस गप्प बसले, काही काही नाही. वासना नावाची बया जणू आभाळातून उतरली आणि कांड करून गेली! पुढं बरेच खटले कोर्टात टिकले नाहीत. टिकली ती पोरींची बदनामी. आणि त्यांच्या बदनामीत जळगाव शहराची अब्रू गेली म्हणून पांढरपेशे हळहळले.

तीस वर्षं गेली. एप्रिल २०२४. कर्नाटकातला हासन जिल्हा. पुन्हा तोच शब्द – हासन सेक्स स्कँडल.

प्रकरण काय? प्रज्वल रेवण्णा, हासनचा खासदार. आजोबा एच. डी. देवेगौडा माजी पंतप्रधान. काका कुमारस्वामी माजी मुख्यमंत्री. बाप एच. डी. रेवण्णा माजी मंत्री. २०१९ ला आजोबांनी आपला मतदारसंघ नातवाला दिला. शेतं त्यांची, पक्ष त्यांचा, दूध संघात वट त्यांची, पोलीस ठाण्यात शब्द त्यांचा. अशा घराण्यातल्या पोराने बायकांवर जबरदस्ती करताना स्वतःच्याच फोनने चित्रीकरण केलं. एकीचं नाही, अनेकींचं. २,९०० च्या वर क्लिपा असल्याचं पेपरांनी छापलं. २६ एप्रिलला तिथं मतदान होतं, त्याच्या काही दिवस आधी पेन ड्राइव्ह गावोगाव पडले. कुठं बसस्टँडवर, कुठं मैदानात. मतदान झालं आणि हा गडी राजनैतिक पासपोर्टवर जर्मनीला पसार झाला.

आता इथं थांबा. पेन ड्राइव्हवर बायकांचे चेहरे झाकलेले नव्हते. म्हणजे गुन्हेगाराने एकदा केलं आणि पेन ड्राइव्ह वाटणाऱ्यांनी हजार वेळा केलं. ज्या बाईने कुणाला काही सांगितलं नव्हतं, तिचं सगळं नवऱ्याच्या, पोराच्या, शेजाऱ्याच्या फोनवर जाऊन पडलं. बायका घरं सोडून निघून गेल्या. त्यांना विचारलं होतं कुणी? विरोधी उमेदवाराला पाडायचं होतं, म्हणून बाईचं शरीर पोस्टर म्हणून भिंतीवर डकवलं.

आणि मित्रपक्ष? भाजपच्याच एका स्थानिक नेत्याने पुढं जाहीरपणे सांगितलं की, पेन ड्राइव्हबद्दल आपण प्रदेशाध्यक्षांना डिसेंबर २०२३ मध्येच पत्र लिहून सावध केलं होतं. काळजी कशाची? तर याला तिकीट दिलं तर निवडणुकीत आपली पंचाईत होईल याची. बायकांचं काय होईल, हा त्या काळजीचा विषयच नव्हता. तिकीट मिळालं. १४ एप्रिलला – तारीख ध्यानात घ्या, आपल्या जयंतीचा दिवस – म्हैसूरच्या सभेत पंतप्रधानांच्या व्यासपीठावर हाच उमेदवार होता. दुसरीकडं काँग्रेसचं सरकार राज्यात होतं. त्यांनी विशेष तपास पथक नेमलं ते राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षांनी पत्र दिल्यावर. तोवर क्लिपा गल्लीबोळात पोचल्या होत्या.

एवढं होऊनही सहा लाखांवर मतं त्याला पडलीच. हरला, पण ४२ हजारांच्या फरकाने हरला.

आता कायद्याकडं येऊ. कारण या प्रकरणात कायद्याने काहीतरी केलंय, आणि ते समजून न घेता नुसत्या शिव्या हाणल्या तर आपलंच नुकसान आहे.

बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत ते कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ७२ वं. हे कलम कुठनं आलं? कुठल्या साहेबाला पहाटे सुचलं नाही. आपल्याच महाराष्ट्रातनं आलं. मार्च १९७२, देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. एका अल्पवयीन आदिवासी पोरीवर पोलीस ठाण्यात पोलिसांनीच अत्याचार केला. सेशन कोर्टाने तिलाच वाईट चालीची ठरवून पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली – भीतीने गप्प पडून राहणं म्हणजे संमती नव्हे, म्हणून. आणि सप्टेंबर १९७८ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं, का तर पोरीच्या अंगावर जखमा नव्हत्या! १९७९ ला उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सुप्रीम कोर्टाला खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर आल्या. तेव्हा कुठं १९८३ ला कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळं कलम आलं आणि ओळख लपवण्याचं २२८-अ त्याच दुरुस्तीत आलं. एका भूमिहीन आदिवासी पोरीची ही कमाई आहे. हासनच्या पेन ड्राइव्हवाल्यांनी ती चौकाचौकात तुडवली.

दुसरं कलम २०१३ चं. दिल्लीच्या प्रकरणानंतर कायदा पुन्हा बदलला, तेव्हा ३७६(२) मध्ये (के) हे पोटकलम आलं. बाईवर ज्याची सत्ता चालते, वर्चस्व चालतं, अशाने बलात्कार केला तर गुन्हा जास्त गंभीर. साधी गोष्ट वाटते ना? पण कायद्याच्या पुस्तकात सत्ता हा शब्द यायला किती वर्षं लागली बघा. त्याआधी पोलीस, सरकारी नोकर, तुरुंगाचा अधिकारी अशा ठराविक लोकांचीच सत्ता कायद्याला दिसत होती. मालकाची, जमीनदाराची, आमदार-खासदाराच्या पोराची दिसत नव्हती. आपल्या आज्यांना ती उघड्या डोळ्यांनी दिसत होती. पाटलाच्या वाड्यावर शेण काढायला गेलेल्या बाईला दंडसंहिता वाचायची गरज नव्हती.

याच कलमाखाली प्रज्वल रेवण्णा दोषी ठरला. फिर्यादी कोण? त्यांच्याच फार्महाऊसवर राबणारी ४८ वर्षांची घरकामगार बाई. तिची जात कुठली, गाव कुठलं, हे आपल्याला ठाऊक असण्याचं कारण नाही, आणि कुणी सांगायला आला तर त्याचं तोंड बंद करायचं. २०२१ साली तिच्यावर दोनदा अत्याचार झाला. तिने साक्ष देऊ नये म्हणून तिला पळवून नेल्याचा आरोप खुद्द त्याच्या बापावर आला. ४ मे २०२४ ला बाप अटकेत गेला, पुढं जामिनावर सुटला. ३१ मेच्या पहाटे पोरगा बंगळुरूला विमानातून उतरला, तेव्हा त्याला धरायला बायका-पोलिसांचं पथक उभं होतं. बाई मागं हटली नाही. तिची जुनी साडी पुराव्यात आली. साडीवरच्या डागांनी, डीएनएने कोर्टात साक्ष दिली. १ ऑगस्ट २०२५ ला बंगळुरूच्या विशेष कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, २ ऑगस्टला शिक्षा सुनावली – मरेपर्यंत जन्मठेप. दंडातले ११ लाखांवर रुपये त्या बाईला.

शिक्षा ऐकण्याआधी हा काय बोलला माहितीय? आपण मेकॅनिकल इंजिनिअर आहोत, कायम मेरिटवर पास झालोय, आपली चूक एवढीच की राजकारणात फार लवकर वर चढलो. मेरिट! आजोबांचा मतदारसंघ खिशात घालून अठ्ठाविसाव्या वर्षी खासदार झालेला गडी बलात्काराच्या खटल्यात मेरिट सांगतो. आरक्षणाच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी हे मेरिट फ्रेम करून भिंतीवर लावावं.

पण आपण ढोल-ताशे काढायचे नाहीत. हिशोब करा. क्लिपा २,९०० च्या वर. गुन्हे नोंदले गेले ४. निकाल लागला तो त्यातल्या एकाचा. मधल्या सगळ्या बायका कुठं गेल्या? भीतीने गेल्या हे खरंच, पण आधी पेन ड्राइव्हने त्यांची तोंडं शिवली. चौकात उभं करून झाल्यावर कोर्टात उभं राहायला कोण येणार? तक्रार करायची म्हणजे त्या क्लिपेतली बाई मीच, असं आपल्याच तोंडाने जगाला सांगायचं. म्हणजे क्लिप पसरवणाऱ्याने गुन्हेगाराला उघडं पाडलं असं कुणी म्हणत असेल तर तो खोटं बोलतो. त्याने गुन्हेगाराचे साक्षीदार कमी केले. आणि शिक्षा लागली की वरची कोर्टं असतात. अपील तिथं गेलंय. १९७८ ला वरच्या कोर्टात काय झालं होतं, ते वर लिहिलंय. म्हणून डोळे उघडे ठेवायचे.

आता शेवटचं, आणि हे आपल्या पोरांसाठी आहे.

आपल्या वस्तीतल्या किती आया, मावश्या, बहिणी सकाळी सहाला दुसऱ्याच्या घरची भांडी घासायला जातात? त्या घरात दार बंद झालं की कुणाची सत्ता चालते? तो फार्महाऊस लांब कर्नाटकात नाही. तो आपल्या नाक्यापासून दोन बसस्टॉपवर आहे. आणि असली क्लिप आपल्याही फोनवर येते. 'बघ रे, त्या पक्षाच्या पुढाऱ्याची' म्हणून येते. राजकीय माहिती म्हणून आपणही पुढं ढकलतो. त्या क्षणी आपण कुठल्या बाजूला असतो? साला, फोन हातात घेऊन आपण त्या फार्महाऊसच्या दारात उभे असतो. आतल्या माणसाच्या बाजूने.

आणि आपला एखादा नेता अशात सापडला की? तेव्हा आपण लगेच म्हणतो, हा चळवळ बदनाम करायचा डाव आहे. असेलही एखाद्या वेळी. पण ते ठरवायच्या आधी बाईचं म्हणणं ऐकायची हिंमत पाहिजे. जय भीम म्हणून कुणाला सूट मिळत नाही. हिंदू कोड बिलाचा गळा घोटला म्हणून, त्या कारणासकट, १९५१ ला मंत्रिपदावर लाथ मारणाऱ्या माणसाचं नाव आपण घेतो. बायकांच्या हक्कासाठी त्यांनी खुर्ची सोडली. आपल्याला एक क्लिप सोडवत नाही?

म्हणून ठरवा. क्लिप उघडायची नाही, पुढं पाठवायची नाही, पाठवणाऱ्याला गटातनं काढायचं, तो कार्यकर्ता असो की अध्यक्ष. वस्तीतल्या घरकाम करणाऱ्या बायकांची यादी आणि संघटना करायची, म्हणजे एकीवर वेळ आली तर पोलीस ठाण्यात शंभर जणी जातील. तिने सांगितलेलं लिहून घ्यायचं, तिचे कपडे धुवायचे नाहीत, जपून ठेवायचे, वकील गाठायचा. तारखेला तिच्यासोबत कोर्टात बसायचं, पहिल्या तारखेला आणि पन्नासाव्यालाही. आणि पेपरात पुन्हा वासनाकांड छापून आलं तर संपादकाला जाऊन विचारायचं – कर्ता कुठाय, साहेब? गुन्हेगाराचं नाव आधी छापा.