चालकाची झोप कोणाच्या मालकीची?



केंदूरचा तरुण मालमोटारीवर चालक म्हणून लागला, की त्याचा दिवस सणसवाडी वा रांजणगावच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकावर सुरू होतो. माल भरण्याच्या रांगेत त्याचे कित्येक तास जातात. तेथे त्यास झोपता येत नाही, कारण रांग पुढे सरकत असते. माल भरला की मालकाचा हुकूम सुटतो, पहाटेपर्यंत पोहोच! गाडी वाटेत कोठे उभी राहिली हे मालकास आता घरबसल्या दिसते. थांबली की फोन वाजतो. मजुरी खेपेवर ठरलेली, तेव्हा झोपेचा प्रत्येक तास चालकाच्याच खिशातून जातो. यास जे चालकाची मर्जी म्हणतात, त्यांना पोटाची सक्ती ठाऊक नाही असेच म्हणावे लागते.

1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे 8 तास ठरविले. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती बंधनकारक केली. पाच कामगार असलेल्या धंद्यास तो लागू होता. तो ज्या 2020 च्या संहितेत सामावला गेला, ती नोव्हेंबर 2025 मध्ये अंमलात आली, आणि तीत मर्यादा दहा कामगारांची आहे. म्हणजे सहा-सात चालकांचा मालक कायद्यातून सुटला. दोन गाड्यांचा तर पूर्वीपासूनच सुटलेला होता. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मालमोटारींत चालकासाठी थंड हवेचे यंत्र मात्र सक्तीचे झाले आहे. चांगलेच झाले, पण गारव्यात डोळा लवकर लागतो.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 मध्ये कारखान्यांतील आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आणणारे विधेयक त्यांनी मांडले. त्याही पूर्वी, 1928 मध्ये, मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी महारवतनाविरुद्ध विधेयक आणले होते. वतनाच्या कामास तासच नव्हते. रात्री-अपरात्री हाक आली की काठी-घोंगडी घेऊन धावायचे. बाप घरी नसला तर मुलाने जायचे. 1958 च्या कायद्याने ही वतने गेली. आजा ज्या वेळी वेशीवर धावत होता, त्याच वेळी नातू आज चाकावर बसून त्याच सुरातला हुकूम झेलतो आहे, हे आपणांस खटकत कसे नाही?

दडपण मालकाचेच असते असेही नाही. हप्ता थकला, लग्न जवळ आले, की "आणखी एक खेप कर" असे घरातूनच सांगितले जाते. पाचवे शील आपण मुलांना मद्याविषयी शिकवितो. त्या शिलात मद्य वर्ज्य आहे ते प्रमादाचे कारण म्हणून. दोन रात्री न झोपलेला चालक एक थेंबही न पिता प्रमादात असतो, आणि त्याच्यासमोरून सायकलवर येणाऱ्याचा जीव हा पहिल्या शिलाचा प्रश्न होतो.

आपल्यातील कोणी कर्ज काढून दोन गाड्या घेतल्या असतील, तर त्यांचे कौतुक आहे. त्यांच्या चालकास या संहितेचा आधार नाही, म्हणून जबाबदारी त्यांच्यावर अधिक. सम्यक आजीविका दहाव्या कामगारापासून सुरू होत नाही.

येत्या पौर्णिमेस विहारात जमाल, तेव्हा प्रत्येक चालकाने एक वही आणावी. गाडी केव्हा सुटली, फाटकावर किती वेळ गेला, झोप किती मिळाली, एवढेच तीत लिहावे. एकट्याने तक्रार केली तर त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती जाते. एका मालकाचे सारे चालक वह्या घेऊन एकत्र गेले, तर त्या साऱ्या किल्ल्या एका दिवसात कोणास देणार?