ओळख हे भांडवल नव्हे, कर्ज आहे!

"धंदा करायचाय? मग वरपर्यंत ओळख पाहिजे राव, बाकी सगळं पुस्तकी!" हे वाक्य टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या कँटीनमध्ये कायम ऐकू येतं. आणि गंमत म्हणजे बोलणाऱ्याच्या आवाजात तक्रार नसते, कौतुक असतं. 'सेटिंग' जमणं ही जणू कर्तबगारीच. माझं भांडण या कौतुकाशी आहे. ओळख हे भांडवल नव्हेच. ते कर्ज आहे, आणि ते फेडतो भलताच कुणीतरी.

हवेत कशाला बोला, उदाहरणच घेऊ. इंडोनेशियात सुहार्तोंनी तीसेक वर्षं राज्य केलं. त्यांची मुलं आणि मित्र मोठमोठ्या उद्योगांचे मालक झाले. रेमंड फिस्मन नावाच्या अर्थतज्ज्ञाला प्रश्न पडला, की या ओळखीची किंमत मोजायची कशी? कंपन्या थोड्याच कबूल करणार! मग त्याने १९९५ ते १९९७ या काळात सुहार्तोंच्या तब्येतीबद्दल उठलेल्या अफवा घेतल्या आणि त्या त्या दिवशी जकार्ताच्या शेअर बाजारात कोण किती पडलं ते पाहिलं. जेवढी कंपनी जवळची, तेवढी तिची आपटी मोठी. जुलै १९९६ मध्ये सुहार्तो तपासणीसाठी जर्मनीला जाणार असं जाहीर झालं, तेव्हा त्यांच्या मुलाची बिमांतारा सित्रा ही कंपनी बाजारापेक्षा जास्त घसरली. २००१ साली छापून आलेल्या त्याच्या निबंधाचा अंदाज असा, की अगदी जवळच्या कंपन्यांच्या किमतीतला सुमारे पाव हिस्सा नुसत्या ओळखीचा होता.

आता बघा. कारखाना तोच, मशिनं तीच, माणसं तीच. बदललं काय, तर एका पंचाहत्तरीच्या माणसाची तब्येत. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतो. असलं डिझाइन कुणी रिव्ह्यूला आणलं तर आपण त्याला उभं सोलू. धंद्यात मात्र त्याला 'वट' म्हणायचं!

सुहार्तोंचा धाकटा मुलगा टॉमी. १९९६ मध्ये त्याच्या टिमोर कंपनीला 'राष्ट्रीय मोटार' बनवायचा मान मिळाला, आयात शुल्क आणि चैनीच्या वस्तूंवरचा कर माफ. मोटार कुठली? कोरियाच्या कियाची सेफिया, पाटी बदललेली. सुरुवातीला तर अख्ख्या गाड्याच कोरियातून आयात करायची मुभा होती. घ्या राष्ट्रीय! जानेवारी १९९८ मध्ये नाणेनिधीशी झालेल्या करारात या सवलती गेल्या, मे महिन्यात सुहार्तो गेले आणि टिमोरचा खेळ आटोपला. १९९७ च्या संकटाने सगळ्यांनाच झोडपलं हे खरं. पण टोयोटा तेव्हाही तिथे होती, आजही आहे. टिमोरला सवलतीशिवाय चालायची सवयच लागली नव्हती.

हे झालं तिकडचं. यात फेडतं कोण, हे बघायला एवढं लांब जायची गरज नाही. आपला ऊसपट्टा पुरे. सहकारी साखर कारखाना कागदोपत्री शेतकरी सभासदांचा, पण चेअरमन पुष्कळदा निवडणुकीतला उमेदवार. संदीप सुखटणकर या अर्थतज्ज्ञाने महाराष्ट्रातल्या कारखान्यांचे आकडे तपासले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात दिसतं, की निवडणुकीच्या वर्षी अशा कारखान्यांत उसाचा भाव घसरतो. म्हणजे प्रचाराचा खर्च कुणाच्या बिलातून निघत असणार, ते सांगायला नको.

"पण साहेब निवडून आले की भाव वाढवून देतात ना!" होय, जिंकलेल्यांच्या कारखान्यात नंतर बरा भाव मिळाल्याच्या खुणा त्याच अभ्यासात आहेत. पण याचा अर्थ काय? शेतकऱ्याने, त्याला न विचारताच, साहेबांना बिनव्याजी कर्ज दिलं. आणि साहेब पडले तर?

दुसरा ठरलेला बचाव, "सिस्टिमच तशी आहे." मान्य. अडलेली फाइल सरकवायला कुणाच्या पाया पडणाऱ्या लहान उद्योजकाला मी नावं ठेवत नाही. पण फाइल जितकी अडेल तितका ओळखीचा भाव वाढतो. मग ज्याच्याकडे ओळख आहे, तो नियम सोपे व्हावेत म्हणून कशाला धडपडेल? सिस्टिम 'तशी' राहण्यातच त्याचा फायदा आहे. आणि आपण टाळ्या वाजवतो त्याच्यासाठी!

असो. यापुढे कुणी एखाद्या उद्योगपतीच्या 'वरपर्यंत पोच'चं कौतुक करायला लागलं, तर दोनच प्रश्न विचारा. ती पोच उद्या सकाळी गेली तर मागे काय उरतं? आणि आजवरचं बिल कुणाच्या नावावर फाटलंय?