विश्लेषण : स्टेडियममधील खुर्ची कुणाची? पैसेवाल्याची, सभासदाची की वर्षानुवर्षे येणाऱ्या चाहत्याची?

मुंबई परिसरात एक लाख प्रेक्षक बसू शकतील असे नवे क्रिकेट स्टेडियम उभारण्याची चर्चा आहे. १६ मे २०२५ रोजी वानखेडेवर रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार यांच्या नावाच्या स्टँडचे उद्घाटन झाले. त्या कार्यक्रमात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नव्या स्टेडियमसाठी जागा देण्याची तयारी दाखवली. संघटनेची शताब्दी २०३० मध्ये आहे. जागा कुठे, खर्च किती, यावर बरेच बोलले जाते. त्या लाख खुर्च्यांवर बसणार कोण, यावर मात्र फारसे बोलले जात नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये सध्या याच प्रश्नावरून चाहते अस्वस्थ आहेत आणि खुद्द वानखेडे स्टेडियमचा जन्मही याच प्रश्नातून झाला आहे.

अमेरिकेत नेमके काय घडते आहे?

अमेरिकेतील ‘फुटबॉल’ म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा तिथला खेळ. तिथल्या मोठ्या विद्यापीठांच्या संघांचे सामने पाहायला एकेका मैदानावर लाखभर लोक जमतात. हंगामातील सर्व घरच्या सामन्यांचे मिळून एक तिकीट काढायचे आणि दरवर्षी तीच खुर्ची राखायची, ही तिथली जुनी पद्धत. अनेक घरांत ही खुर्ची वडिलांकडून मुलाकडे येते.

मात्र चांगल्या जागेसाठी तिकिटाचे पैसे पुरत नाहीत. विद्यापीठाच्या क्रीडा निधीला दरवर्षी वेगळी ‘देणगी’ द्यावी लागते. मिशिगन विद्यापीठाने २००५ मध्ये अशी जागानिहाय देणगी लागू केली. पूर्वी या देणगीच्या ८० टक्के रकमेवर प्राप्तिकरात सवलत मिळे. २०१८ पासून ती बंद झाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात. पहिल्या वर्षी त्याची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. हा पैसा आणायचा कुठून? टेनेसी विद्यापीठाने २०२५ च्या हंगामाच्या तिकिटांवर १० टक्के ‘गुणवत्ता शुल्क’ लावून त्यातील एक वाटा सरळ प्रेक्षकाकडून वसूल केला.

‘रीसीटिंग’ म्हणजे काय? चाहते का दुखावतात?

ठरावीक काळाने किंवा स्टेडियमच्या नूतनीकरणानंतर सगळ्या जागांचे नव्याने वाटप होते, त्याला ‘रीसीटिंग’ म्हणतात. प्रत्येक तिकीटधारकाच्या खात्यावर गुण असतात. किती वर्षे तिकीट घेतले आणि किती देणगी दिली, यावरून ते ठरतात. जास्त गुण असलेला आधी जागा निवडतो. पेन स्टेट विद्यापीठाने २०११ मध्ये असे फेरवाटप केले तेव्हा अनेकांसमोर दोनच पर्याय उरले : जास्त पैसे भरा किंवा जुनी जागा सोडा.

विद्यापीठांची बाजूही समजून घ्यायला हवी. मैदानाच्या मध्यभागाजवळच्या जागा मोजक्याच असतात आणि त्या पन्नास वर्षे त्याच घरांकडे राहिल्या तर नव्या पिढीने कुठे बसायचे? पण चाहत्याच्या दृष्टीने शेजारची माणसे, ठरलेला जिना आणि संघ हरत असतानाही भरलेली खुर्ची हे सगळे मिळून निष्ठा तयार होते. ती गुणांच्या तक्त्यात देणगीइतकी भरत नाही, असे त्याला वाटते.

असा राग कधी कधी परिणामही घडवतो. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल क्लबने सर्वांत महागडे तिकीट ७७ पौंडांचे करण्याचे ठरवले, तेव्हा ६ फेब्रुवारी २०१६ रोजी सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून बाहेर पडले. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून निर्णय मागे घेतला.

वानखेडेचा जन्म तिकिटांच्या भांडणातून कसा?

मुंबईतील कसोटी सामने १९४८ पासून ब्रेबॉर्न स्टेडियमवर होत. मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे (सीसीआय) आणि शहराच्या क्रिकेटचा कारभार मात्र तेव्हाच्या बॉम्बे क्रिकेट असोसिएशनकडे. त्यामुळे प्रत्येक मोठ्या सामन्याआधी तोच वाद : संघटनेच्या क्लबांना किती जागा आणि सीसीआयच्या सभासदांना किती? सीसीआयची सूत्रे विजय मर्चंट यांच्याकडे होती. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे विदर्भातील नेते आणि विधानसभेचे तत्कालीन अध्यक्ष होते. तोडगा निघाला नाही तेव्हा वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियमच उभे केले. शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार ते सुमारे १३ महिन्यांत तयार झाले आणि २३ जानेवारी १९७५ रोजी तिथे वेस्ट इंडिजविरुद्धचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. क्लाइव्ह लॉइडने त्यात नाबाद २४२ धावा केल्या. ब्रेबॉर्नला पुढच्या कसोटीसाठी २००९ पर्यंत वाट पाहावी लागली.

एका शहरात एक किलोमीटरच्या आत दोन आंतरराष्ट्रीय मैदाने असण्यामागचे कारण हे आहे. पण त्या भांडणातले दोन्ही पक्ष सभासदांचेच होते. कुठल्याही क्लबाचा सभासद नसलेल्या प्रेक्षकाचा वाटा किती, हा मुद्दा तेव्हाही मध्यवर्ती नव्हता.

२०११ च्या अंतिम सामन्यात सामान्यांना किती तिकिटे मिळाली?

२०११ च्या विश्वचषकाआधी वानखेडेचे नूतनीकरण झाले. सिमेंटच्या पायऱ्या आणि बाकड्यांऐवजी स्वतंत्र खुर्च्या आल्या, छप्पर आले आणि क्षमता सुमारे ४५ हजारांवरून ३३ हजारांवर आली. आपल्याकडे झालेले हे मोठे ‘रीसीटिंग’च म्हणायला हवे. सोय वाढली, जागा कमी झाल्या आणि घोषणांसाठी प्रसिद्ध असलेल्या नॉर्थ स्टँडचा चेहरा बदलला.

अंतिम सामन्याच्या ३३ हजार तिकिटांपैकी सुमारे २० हजार संघटनेशी संलग्न क्लबांना, साडेआठ हजार आयसीसीला आणि जवळपास चार हजार खुल्या विक्रीला, असे वाटप तेव्हा जाहीर झाले. म्हणजे दर आठ खुर्च्यांमागे एक. त्यातली काही तिकिटे ऑनलाइन विक्रीला येताच संकेतस्थळ कोलमडले. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकरच्या दोनशेव्या आणि अखेरच्या कसोटीच्या वेळीही तेच झाले. खुल्या विक्रीला मोजकीच तिकिटे आणि संकेतस्थळ पुन्हा बंद.

क्लबांना एवढी तिकिटे का दिली जातात?

यामागे तर्क आहे. मुंबईचे क्रिकेट आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि शिवाजी पार्कवरील क्लबांनी घडवले. १९४८ पासून भर पावसात चालणारी कांगा लीग याच क्लबांच्या बळावर चालते. खेळपट्टी, रोलर, माळी, प्रशिक्षक यांचा खर्च क्लब कसाबसा भागवतात. मोठ्या सामन्याची तिकिटे हा त्यांच्यासाठी देणगीदारांना धरून ठेवण्याचा मार्ग असतो. खेळाडू घडवणाऱ्याला सामना पाहण्याचा पहिला हक्क, हे म्हणणे चुकीचे नाही.

अडचण दुसरीकडे आहे. तीनशेहून अधिक क्लब आणि संस्था संघटनेच्या निवडणुकीत मतदार आहेत. त्यामुळे तिकिटांचा कोटा कमी करणे कोणत्याही पदाधिकाऱ्याला अवघड जाते. शिवाय क्लबाला मिळालेले तिकीट शेवटी कुणाच्या हातात गेले, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. अमेरिकेतील गुणपद्धत पैशाकडे झुकलेली असली तरी आपला क्रमांक कितवा, हे तिथल्या चाहत्याला माहीत असते. वानखेडेवर वीस वर्षे रणजी सामने पाहणाऱ्याची नोंद कुठल्याच वहीत नसते.

नियम काय सांगतात?

लोढा समितीच्या शिफारशींनंतर आलेल्या ‘बीसीसीआय’च्या घटनेनुसार स्टेडियमच्या क्षमतेच्या ९० टक्के तिकिटे विक्रीसाठी ठेवायची असतात, फुकट पास १० टक्क्यांतच बसवावे लागतात. २०१८ मध्ये याच पासांच्या वादातून इंदूरचा एकदिवसीय सामना विशाखापट्टणमला हलवला गेला. त्याच मालिकेतील वानखेडेचा सामना संघटनेतील प्रशासकीय पेचामुळे पुन्हा ब्रेबॉर्नवर गेला आणि प्रतिस्पर्धी पुन्हा वेस्ट इंडिजच होता.

हा नियम फुकट्यांना आळा घालतो. पण ‘विक्री’ म्हणजे ‘खुली विक्री’ नव्हे. क्लब, पुरस्कर्ते आणि कंपन्यांना पैसे घेऊन आधीच दिलेली तिकिटे किती आणि रांगेतल्या माणसासाठी उरलेली किती, हा हिशेब प्रत्येक सामन्याआधी मांडला जात नाही. काळ्या बाजाराचे मूळही इथेच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये वानखेडेवरील भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याच्या वेळी मुंबई पोलिसांनी जादा दराने तिकिटे विकणाऱ्यांना अटक केली. ऑनलाइन तिकिटांच्या काळ्या बाजाराविरोधातील जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. हा विषय कायदे करणाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

आयपीएलमध्ये किंमत कशी वाढते?

आयपीएलमध्ये तिकिटाचा दर घरचा संघ ठरवतो. प्रतिस्पर्धी कोण, वार कोणता, यानुसार तो बदलतो. त्यावर कर वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावरील जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. म्हणजे हजार रुपयांचे तिकीट १,२८० ऐवजी १,४०० रुपयांना पडते. मान्यताप्राप्त क्रीडा स्पर्धांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर मात्र कर नाही आणि त्यापुढे १८ टक्के आहे.

स्वस्त तिकिटाने काय होते, हे २०२५ च्या महिला विश्वचषकात दिसले. साखळी सामन्यांची तिकिटे १०० रुपयांपासून होती. २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मैदान भरलेले होते.

निष्ठा एकतर्फी असते का?

पुण्याच्या चाहत्याला विचारावे. पुणे वॉरियर्स २०१३ मध्ये संपला, रायझिंग पुणे सुपरजायंटचे दोनच हंगाम झाले आणि फुटबॉलमधील एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला. बालेवाडीत नियमित जाणाऱ्यांचा संघ व्यवहारात हैदराबादला गेला. उलट उदाहरणही पुण्याचेच आहे. २०१८ मध्ये कावेरीप्रश्नावरील आंदोलनामुळे चेन्नईचे सामने गहुंजेला हलवले गेले, तेव्हा त्या संघाने आपल्या चाहत्यांसाठी चेन्नईहून पुण्यापर्यंत खास रेल्वेगाडी सोडली.

कोल्हापुरात गणित वेगळे आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे सामने पेठेतला माणूस पिढ्यान् पिढ्या पाहतो. तिकीट माफक असते आणि बसायची जागा पेठेवरून ठरते. या निष्ठेला दुसरी बाजूही आहे : हुल्लडबाजी आणि हाणामाऱ्या. तरीही तिथे संघ कुठे जात नाही आणि प्रेक्षकही जात नाही.

पिंगळीहून पाहिले तर?

परभणी–पूर्णा रेल्वेमार्गावरील पिंगळीतल्या क्रिकेटवेड्या तरुणासाठी खुर्ची हा शेवटचा प्रश्न आहे. परभणी जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या क्षेत्रात येतो. पण मराठवाड्यात आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मैदान नाही. पुणे, नागपूर, मुंबई किंवा हैदराबाद, यांतले काहीही गाठायचे तर प्रवास ठरलेला. मुंबईचा सामना असेल तर परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने रात्र काढायची, सामना रात्री संपला की मुक्कामाचा खर्च करायचा आणि एका दिवसाच्या सामन्यासाठी दोन-तीन दिवसांची मजुरी किंवा शेतीची कामे सोडायची. तिकिटावर छापलेला दर हा या खर्चाचा लहान भाग असतो.

त्याला कुठल्या क्लबाचे सभासदत्व नाही आणि देणगी देण्याइतका पैसाही नाही. त्याच्याकडे फक्त मोबाइल आहे. त्यामुळे खुल्या विक्रीतली दर आठांतली एक खुर्ची हीच त्याची एकमेव वाट. ती विक्री सामन्याच्या तोंडावर, काही मिनिटांसाठी उघडली तर रेल्वेचे आरक्षणही हाती लागत नाही. गहुंजेत ऑक्टोबर २०२४ च्या न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत पहिल्या दिवशी प्रेक्षकांना पिण्याच्या पाण्यासाठी ताटकळावे लागले आणि संघटनेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. एवढे करून पोहोचलेल्याची ही कथा.

नव्या स्टेडियममध्ये काय करता येईल?

मोठे स्टेडियम झाले की सर्वांना जागा मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. लाखभर खुर्च्या असलेल्या अमेरिकेतील मैदानांवरही चांगल्या जागा पैशाकडेच गेल्या. उपाय वाटपाच्या नियमात आहे आणि तो पाया खोदण्याआधी ठरवणे सोपे असते, कारण तेव्हा कुणाचीच जागा काढून घ्यावी लागत नाही.

जर्मनीत बहुतेक व्यावसायिक क्लबांत मताधिकाराचे बहुमत सभासदांकडे ठेवण्याचा नियम आहे. डॉर्टमुंडमध्ये सुमारे २५ हजार प्रेक्षक उभे राहून स्वस्तात सामना पाहतात. आपल्याकडे त्याची नक्कल करायची गरज नाही. तीन गोष्टी पुरेशा आहेत. सरकारी जागा मिळणार असेल तर त्या बदल्यात खुल्या विक्रीचा किमान वाटा करारातच लिहावा. प्रत्येक सामन्याआधी कुणाला किती तिकिटे दिली, याचा तक्ता जाहीर करावा. आणि रणजी व महिला सामन्यांना येणाऱ्या प्रेक्षकाची हजेरी मोबाइल तिकिटावर नोंदवून मोठ्या सामन्याच्या विक्रीत त्याला थोडे आधी प्रवेश द्यावा.

यातला तिसरा उपाय पिंगळीच्या तरुणाला उपयोगी पडणार नाही, कारण तो रणजी पाहायलाही येऊ शकत नाही. त्याच्यासाठी पहिले दोन आणि महिनाभर आधी जाहीर झालेली विक्रीची तारीख महत्त्वाची. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. सामन्याच्या तिकिटाने निदान त्याच्या जवळपास तरी यावे, ही मागणी फार मोठी नाही.