विहिरीचे माप मुलांच्या हाती

दख्खनचा पठार बेसाल्ट खडकाचा आहे, हे वर्धा जिल्ह्यातील शाळकरी मूल परीक्षेपुरते पाठ करते. आपल्या घरामागची विहीर त्याच खडकात खोदलेली आहे, हे मात्र त्याला क्वचितच सांगितले जाते. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेसारख्या वस्तीत हा अध्यापनाचा दोष पाण्याच्या, पर्यायाने समतेच्या प्रश्नाला जाऊन भिडतो.

या काळ्या पाषाणात पाणी सर्वत्र सारखे साठत नाही. झिजलेल्या थरांत व भेगांत ते मुरते. घट्ट थर कोरडाच राहतो. म्हणून शेजारच्या दोन विहिरींची पातळीही भिन्न असू शकते. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी प्रामुख्याने वर्षातून चार वेळा मोजते. हे काम मोलाचे आहे. परंतु दोन निरीक्षण विहिरींमधल्या वस्तीत काय घडते, हे त्यातून कळत नाही. शाळा ही उणीव भरून काढू शकतात. कठड्यावर एक कायमची खूण, वजन बांधलेली मोजपट्टी आणि शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक, एवढे साहित्य पुरे. शिक्षकांच्या देखरेखीखाली दर आठवड्याला, पंप सुरू होण्यापूर्वी नोंद व्हावी.

मुलांच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवावा, असा आक्षेप येईल. दोघांनी स्वतंत्रपणे मोजावे आणि भूवैज्ञानिकांनी अधूनमधून पडताळावे, हे त्याचे उत्तर. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात १९७२ ते २००२ अशी तीस वर्षे खेड्यांतील मुले प्रयोग करून विज्ञान शिकली. विद्यापीठांतील व संशोधन संस्थांतील शास्त्रज्ञ त्यांच्या शिक्षकांबरोबर उभे राहिले. उत्पादक कामातून शिक्षण हा विचार तर १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्याच परिषदेत मांडला गेला होता.

मात्र मुले ही आकडे गोळा करणारी बिनपगारी फौज ठरता कामा नये. शास्त्रज्ञांनी निष्कर्ष घेऊन वर्गात परत यावे, मुलांच्या शंकांना उत्तरे द्यावीत आणि वर्षाचा ताळेबंद ग्रामसभेत मुलांकडूनच वाचला जावा. ज्याच्यापाशी पैसा, त्याची कूपनलिका खोल जाते. ज्याची विहीर आटते, त्याच्यापाशी पुरावा नसतो. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ कागदावर आहे. पण मोजमापावाचून त्याचा आधार गरिबाला मिळणार कसा?

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या शाळेत जाऊन या पावसाळ्यापूर्वी निदान एका विहिरीची वही सुरू करून द्यावी. पाण्यावरील हक्काची मागणी त्या वहीच्या आधाराने अधिक ठामपणे करता येईल.