मंडळी आणि धर्मग्राम

उमरोळी हे पश्चिम रेल्वेवरचे, पालघर आणि बोईसर यांच्यामधले एक लहान स्थानक. तिथून आमच्या वर्गात येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मध्यंतरी मला निरुत्तर केले. 'स्मृतिचित्रे' शिकवून झाल्यावर मी नेहमीचा प्रश्न फळ्यावर लिहिला होता : 'टिळकांच्या धर्मांतराची कारणे सांगा.' ही मुलगी मूळची वसईकडच्या कॅथलिक कुटुंबातली. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, म्हणून बिऱ्हाड उमरोळीला. ती म्हणाली, "सर, ते का गेले हे आपण दर वर्षी विचारतो. जिथे गेले तिथे त्यांचं काय झालं, हे कधीच विचारत नाही."

तिचे म्हणणे खरे आहे, आणि त्याची खूण आपल्या भाषेतच सापडते. 'बाटणे', 'धर्म सोडणे', 'धर्मांतर करणे' हे सारे शब्द मागे राहिलेल्यांनी घडवलेले आहेत. माणूस आपल्यातून गेला, एवढेच ते सांगतात. तो जिथे पोचला तिथल्या लोकांनीही त्याच्यासाठी मराठी शब्द घडवले होते; पण आपल्या अभ्यासक्रमात ते फारसे येत नाहीत. त्यांतले दोन शब्द मला महत्त्वाचे वाटतात : 'मंडळी' आणि 'धर्मग्राम'.

वसईच्या कॅथलिक मराठीत 'पॅरिश'ला 'धर्मग्राम' म्हणतात. शब्द मोठा अर्थवाही आहे, कारण त्यात गाव आहे. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मविधिसंहितेनुसार धर्मग्राम सर्वसाधारणपणे भूभागावरून ठरतो. त्या हद्दीत राहणारे सारे श्रद्धावंत त्याचे. कायम राहण्याच्या इराद्याने घर केले, किंवा सलग पाच वर्षे वास्तव्य झाले, की माणूस तिथला ठरतो. त्यासाठी ना मतदान, ना शिफारस. आमच्या विद्यार्थिनीचे कुटुंब नव्या धर्मग्रामाचे झाले ते पत्ता बदलल्यामुळे. मात्र तिच्या स्नानसंस्काराची नोंद जुन्या चर्चच्या वहीतच राहील, आणि पुढे तिचे लग्न कुठेही लागले तरी त्याची नोंद त्याच वहीत केली जाईल. वही एका गावी, वस्ती दुसऱ्या गावी. नोकरीसाठी घर सोडलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ही अवस्था परकी वाटू नये.

बाहेरून येणाऱ्या प्रौढाला मात्र पत्ता पुरत नाही. त्याने आपली इच्छा प्रकट करायची, दीक्षार्थी म्हणून शिक्षण घ्यायचे, आणि शक्यतो ईस्टरच्या जागरणविधीत स्नानसंस्कार, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद एकत्रच स्वीकारायचे. श्रद्धा एका क्षणी जागी होत असेल. सदस्यत्वाला काळ लागतो, आणि तो लागावा अशीच योजना आहे.

प्रॉटेस्टंट मराठीतला शब्द 'मंडळी'. इथे गावाऐवजी जमलेली माणसे आहेत. अमेरिकन मराठी मिशन ज्या परंपरेतले होते, तीत स्थानिक मंडळीने नव्या माणसाला आपले म्हणायचे असे. तेव्हा कोण आले याच्याइतकाच, कोणी स्वीकारले हाही प्रश्न उरतो. नगर जिल्ह्यातल्या या मंडळींत बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये राहुरीला. म्हणजे दोन ब्राह्मण माणसे, ज्यांना गावाने शिवेबाहेर ठेवले होते, त्यांच्या घरात पाहुणी म्हणून आली होती. आपण 'टिळकांनी काय गमावले' हे शिकवतो. त्यांना पंक्तीत बसवून घेणाऱ्यांनी काय दिले, हे शिकवत नाही.

'स्मृतिचित्रे' या अंगाने वाचून पाहावे. टिळकांबरोबर पुन्हा राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे काही काळ सांभाळले. मग जात माणसाने केली, देवाने नव्हे, या विचाराशी त्या स्वतःच येऊन पोचल्या आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. विधी होण्याआधी त्या मंडळीतल्या झाल्या होत्या. पाण्याच्या भांड्याने ते काम आधीच केले होते. दोन बाप्तिस्म्यांमधली पाच वर्षे आपण 'संसाराची ताटातूट' या मथळ्याखाली उरकतो. माझ्या मते पुस्तकाचा गाभा तिथेच आहे.

प्रवेशाची दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवू नये. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात चर्चला हवे असलेले आज्ञापालन आणि रमाबाईंची सदसद्विवेकबुद्धी यांचा झगडा पानोपानी दिसतो. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, हा त्यांचा प्रश्न वरवर लहान. पण 'मी तुमच्यात येताना माझी भाषा दाराबाहेर ठेवायची काय' हेच त्या विचारत होत्या. टिळकांनीही 1917 मध्ये मिशन सोडले आणि 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. दोघांनीही ख्रिस्ताला सोडले नाही. त्यांची तक्रार दाराच्या चौकटीविषयी होती.

यावर कोणी म्हणेल, की धर्मांतरामागे मिशनची सत्ता आणि साधने होती, त्यामुळे कारणांची चिकित्सा हवीच. हवीच. परंतु कारणांपाशीच थांबणारी चिकित्सा माणसाला कायमचा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करते. चार पिढ्यांनंतरही त्याच्या नातवंडांना 'तुम्ही केव्हा झालात?' असे विचारले जाते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) त्या संमेलनाआधी त्यांच्या धर्मावरून विरोधाचे सूर उमटलेच. वर्षानुवर्षे 'सुवार्ता' मासिक चालवणाऱ्या, बायबल सुबोध मराठीत आणणाऱ्या लेखकाला मराठीच्या मंडळीत पुन्हा ओळख पटवावी लागली! ते 2024 मध्ये निवर्तले. त्यांचे नाव आपल्या वहीत आधीपासूनच होते. ती वही आपण उघडून पाहिली नव्हती, इतकेच.

तेव्हा पुढच्या वर्षी मी प्रश्न बदलणार आहे. 'टिळकांच्या धर्मांतराची कारणे सांगा' याऐवजी फळ्यावर लिहीन : 'लक्ष्मीबाईंना राहुरीच्या मंडळीने आपले कसे केले?' उत्तर शोधताना विद्यार्थ्यांना राहुरीच्या त्या घरांत शिरावे लागेल. आणि उमरोळीहून येणाऱ्या मुलीला बाकावर बसल्याबसल्या आपण या पुस्तकाच्या बाहेरच्या आहोत, असे वाटणार नाही.